मंगळवारची दाढ

दाढ दुखतेय म्हणून माझा नवरा सलग पाच मंगळवार दुपारी दंतवैद्याकडे गेला. गाल सुजला नाही, घरात एक गोळी आली नाही, आणि परत आल्या आल्या स्वारी कडक टोस्ट कुरकुरत बसायची. मी भोळी आहे असं सासूबाई म्हणतात, पण इतकीही नाही. शिवाय जाताना हा आमच्या फिल्मची हार्ड डिस्क बॅगेत घालून न्यायचा. दाढेला हार्ड डिस्क कशाला लागते?

आम्ही दोघंच फिल्म करतो. कॅमेरा त्याचा, आवाज माझा, एडिटिंग दोघांचं, आणि भांडणं एडिटिंग करताना. टेबल स्वयंपाकघरातच आहे, त्यामुळे आमच्यात लपवाछपवीला जागाच नाही, असं बारा वर्षं मी येईल त्याला सांगत आले. सध्याची फिल्म एका म्हाताऱ्या घड्याळजींवर होती. शूटिंगपासूनच नवऱ्याचं काहीतरी बिनसलं होतं. शॉट चालू असताना मध्येच त्यांच्या कामाचा दिवा बंद करायचा, माझ्याकडे रोखून बघायचा आणि पुन्हा लावायचा. काय झालं विचारलं तर म्हणे दिवा तापतोय.

सहाव्या मंगळवारी तो आंघोळीला गेला असताना त्याचा फोन वाजला. मी उचलला आणि कोण बोलतंय विचारलं.

"मी त्यांच्या फिल्मचं साउंड करते," एक बाई म्हणाली. "उरलेले दोन सीन झालेत, एवढं सांगाल?"

सांगते म्हटलं. तिच्याशी त्याचं काही असतं तर एक वेळ मी भांडले असते, रडले असते. पण ही बाई थेट माझ्या खुर्चीवर येऊन बसली होती.

बॅगेतून डिस्क काढली. झालेल्या प्रत्येक सीनच्या दोन फाइल्स होत्या, 'आधी' आणि 'नंतर'. हेडफोन लावून दोन्ही तीन तीनदा ऐकल्या. टिकटिक, म्हाताऱ्यांचा खोकला, काचेवर चिमटा ठेवल्याचा आवाज, सगळं जसंच्या तसं. काडीचा फरक नाही. मला चक्क हसू आलं. माझं काम चोरून दुसरीला दिलं, आणि तिने केलं काय, तर काही नाही!

तो केस पुसत आला तेव्हा मी स्पीकर लावून तयारच होते. तुझ्या साउंडवालीने काय उजेड पाडलाय तो ऐक म्हटलं. 'आधी' लावली तशी त्याच्या कपाळाला आठी पडली. 'नंतर' लावली आणि आठी गेली.

"दिव्याची शिटी आहे," तो खाली बघत म्हणाला. "खूप बारीक. तुला ती ऐकू येत नाही गं. दिवा बंद करून मी तेच बघत होतो."

खोटं बोलतोयस, म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आधी दोन्ही फाइल्सचा आलेख उघडला. कानांवर इतका भरवसा, की तो मी कधी बघतच नसे. 'आधी'मध्ये वरच्या टोकाला, बारीक आवाजांच्या जागी, एक सरळ रेघ होती. 'नंतर'मध्ये नव्हती.

"दोन वर्षांपूर्वी मागच्या फिल्मला आवाजाचं बक्षीस मिळालं," मी म्हटलं. "तीही हिनेच साफ केली होती?"

त्याने मान डोलावली. मला त्याचा भयंकर राग आला. फसवलं असतं तर बरं होतं, याने मला सांभाळून घेतलं होतं. दोन वर्षं.

रडून झाल्यावर मी कागद-पेन घेतलं. फिल्म पहिल्यापासून लाव आणि तू समोर बस, असं त्याला सांगितलं. पडद्याकडे मी बघितलंच नाही, त्याच्या कपाळाकडे बघत बसले. घड्याळजींनी दिवा लावला. माझ्या कानात नुसती टिकटिक. नवरा चेहरा अगदी कोरा ठेवून बसला होता, पण भुवई जराशी थरथरलीच. मी कागदावर वेळ टिपली.

"आठी दाबू नकोस," मी म्हटलं. "मला काम करू दे."