पान एकशे त्रेचाळीस

यवतमाळ जिल्ह्यात फ्रेंच येणारा माणूस एकच आणि तो म्हणजे मी, असं मी वीस वर्षं सांगत आलो. कुणी ते खोडून काढलं नाही, कारण कुणाला त्याची पडलेलीच नव्हती. मोजणी कार्यालयात नकाशे काढायची नोकरी करता करता मी टपालानं फ्रेंचचा अभ्यासक्रम पुरा केला. हौस वगैरे काही नव्हती. कचेरीतले बाकीचे संध्याकाळी पत्ते कुटत बसायचे आणि त्यांच्यापेक्षा मी वेगळा आहे हे मला दाखवायचं होतं. माझी बायको मंजुषा म्हणायची, दत्त चौकातल्या भाजीवाल्याशी फ्रेंचमधून घासाघीस करून दाखवा, मग मानते.

त्या अभ्यासक्रमात सत्ताविसावा धडा होता साध्या भूतकाळाचा. धड्याच्या डोक्यावर लहान अक्षरांत लिहिलं होतं की हा काळ फक्त पुस्तकांत सापडतो, बोलताना कुणी वापरत नाही, परीक्षेत विचारला जाणार नाही. जो काळ कुणी बोलतच नाही त्याची रूपं पाठ करून डोक्याला ताप कशाला, म्हणून मी पानं उलटली आणि अठ्ठाविसाव्या धड्यावर गेलो. पुढं माझ्या हातून जे झालं त्याची सुरुवात तिथं आहे.

तुळसाबाई आमच्या कचेरीत पाणी भरायची. नवरा लवकर गेला, मुलगा एकच, रोशन. तिनं त्याला बी.ए. केलं. २००६ साली एक फ्रेंच लेखिका कापसाच्या गावांवर पुस्तक लिहायला आली. तेव्हा आपल्याकडं पेपर उघडला की रोज एक गाव आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं एक नाव असायचं. बाईला इंग्रजी येत होतं, पण आपल्या लोकांचं बोलणं इंग्रजीत सांगणारा कुणीतरी हवा होता. तो रोशन. सोळा दिवस तो तिच्याबरोबर फिरला, एकतीस घरांत गेला. प्रत्येक घरात तोच प्रश्न त्यानं विचारायचा, त्याच तऱ्हेचं उत्तर ऐकायचं आणि ते इंग्रजीतून पुन्हा स्वतःच्या तोंडानं बोलायचं. सतराव्या दिवशी बाई नागपूरहून विमानानं गेली. रोशन घरी आलाच नाही. पोलीस म्हणाले, मोठा मुलगा आहे, येईल.

वर्षभरानं तुळसाबाई माझ्याकडं आली. मी तोवर निवृत्त झालो होतो. ते पुस्तक तिकडं छापून झालं होतं. महिला संस्थेत काम करणाऱ्या रुपालीला ते नागपुरात पाहायला मिळालं. ज्या पानावर रोशनचं नाव दिसलं त्या एका पानाची झेरॉक्स तिनं काढून आणली होती. पान एकशे त्रेचाळीस.

"जय भीम, साहेब," तुळसाबाई म्हणाली. "यात माह्या रोशनचं नाव हाय म्हंते. वाचून सांगा."

मला आनंद झाला, हे कबूल करतो. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं फ्रेंच मागायला दारात उभं होतं. मी मंजुषाला मुद्दाम मोठ्यानं चहा टाकायला सांगितलं, कुणी फ्रेंच वाचून घ्यायला आलंय हे तिलाही कळावं म्हणून. चष्मा पुसला, शब्दकोश काढला आणि वाचायला बसलो.

पानभर सगळी क्रियापदं न शिकलेल्या रूपांत होती. पण धातू ओळखता येत होते. रोशन आत गेला. रोशन बसला. रोशननं भाषांतर केलं. रोशन गप्प झाला. जिथं अडलं तिथं शब्दकोश उघडला, आणि तिथं तिथं मी बरोबर निघालो. पानाच्या शेवटच्या ओळीत मात्र मला कोश लागला नाही. तिथं चारच शब्द होते आणि चारही माझ्या ओळखीचे. इल व्ही आ पांढरकवडा. तो राहतो पांढरकवड्यात. 'व्हीव्हर' म्हणजे जगणं, राहणं. त्याचा वर्तमानकाळ, इल व्ही, मी पहिल्याच महिन्यात घोकला होता.

शेवटी पूर्णविराम नव्हता. झेरॉक्समध्ये कड कापली गेली असेल, असं मीच ठरवलं. वर तुळसाबाईला समजावूनही सांगितलं की पाहा, सगळं पान भूतकाळात आहे आणि एवढंच वाक्य वर्तमानात, म्हणजे ही आजची गोष्ट आहे. तो जिवंत आहे आणि पांढरकवड्याला आहे.

तिनं पदर तोंडाला लावला. मग मला पुन्हा ते वाक्य म्हणायला लावलं, आणि स्वतः हळूच म्हणून पाहिलं, "इल व्ही." तिचा उच्चार माझ्यापेक्षा चांगला होता.

महिन्याभरात तिनं यवतमाळची खोली सोडली आणि पांढरकवड्याला गेली. गावात घरोघर विचारून झालं, तेव्हा तिनं हैदराबाद रोडवर, ट्रक थांबतात तिथं चहाची टपरी टाकली. पांढरकवड्यात राहणारा माणूस कधी ना कधी हायवेवर येणारच, असा तिचा हिशेब. मला अधूनमधून निरोप यायचे. अजून भेटला नाही, पण भेटेल. मी निरोप आणणाऱ्याला सांगायचो, धीर धरा म्हणावं.

दहा महिने झाले तेव्हा एका सकाळी तांदूळ निवडता निवडता मंजुषानं विचारलं, "त्या पानाच्या मागं काय आहे हो?"

मी चिडलो. चिडलो, कारण दहा महिन्यांत हा प्रश्न मला पडला नव्हता. की पडला होता आणि मी त्याला बसू दिलं नव्हतं, कोण जाणे. मी रुपालीला गाठलं, तिनं नागपूरला फोन केला आणि आठवड्यानं पान एकशे चव्वेचाळीस आलं.

पहिलाच शब्द होता 'एक ट्रक'. वाक्य मागल्या पानावरून पुढं चाललं होतं. तो राहतो पांढरकवड्यात एक ट्रक. याला काही अर्थ नव्हता. मी माळ्यावरून जुना अभ्यासक्रम काढला, धूळ झटकली आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी सत्ताविसावा धडा उघडला.

'व्हवार' म्हणजे पाहणं. मी वहीत त्याचा साधा भूतकाळ लिहून काढला. ज व्ही, त्यू व्ही, इल व्ही. मी पाहिलं, तू पाहिलंस, त्यानं पाहिलं. शेजारी जगण्याचा वर्तमानकाळ लिहिला. ज व्ही, त्यू व्ही, इल व्ही. मी जगतो, तू जगतोस, तो जगतो. स्पेलिंगही तेच, कान्यामात्रेचा फरक नाही. अनेकवचनात जाऊन दोन्ही वेगळे होतात, आम्ही पाहिलं आणि आम्ही जगतो यांत गोंधळ होत नाही. माणूस एकटा असला की मात्र तो जगतोय की त्यानं फक्त काही पाहिलं, हे पुढचं वाचल्याशिवाय कळत नाही. आणि रोशन एकटा होता.

मी ती वही मिटली आणि मला रडू आलं.  मंजुषानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं पांढरकवड्याला गेलो. तुळसाबाई वाळली होती. तिनं मला बाकड्यावर बसवलं, आल्याचा चहा दिला, पैसे घेईना. मी रस्ताभर जुळवलेली वाक्यं विसरलो आणि सरळ सांगितलं की माझं चुकलं. तिथं 'राहतो' असं लिहिलेलं नाही. तिथं 'पाहिलं' असं लिहिलंय. मी तो काळ शिकलोच नव्हतो.

ती रागावली असती तर मी पाया पडलो असतो.  तिनं एवढंच विचारलं,

"काय पाह्यलं त्यानं?"

मी कागद उलगडून वाचलं, एकेक वाक्य आधी फ्रेंचमध्ये आणि मग मराठीत, जसं तो त्या घरांतून करत होता तसं. त्यानं पांढरकवड्यात एक ट्रक पाहिला, कापसाच्या गाठींनी भरलेला, हैदराबादला निघालेला. त्यानं मला, म्हणजे लिहिणाऱ्या बाईला, तिची वही परत दिली. तो म्हणाला, आता मला कोणत्याच भाषेत बोलायचं नाही. तो चढला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

शेवटचं वाक्य गाळावं असं फार वाटलं. पण मागल्या पानावर एकदा मी माझ्या पदरचं सांगून बसलो होतो.

तुळसाबाईनं स्टोव्हची वात खाली केली. "ट्रकवर चढता चढता मांगं कोन पाह्यते, साहेब?" ती म्हणाली. "पडन ना मानूस."

मी मान हलवली.  मग तिनं पुन्हा विचारलं, ट्रक हैदराबादलेच चालला होता, हे बराबर लिवलं हाय का? मी म्हणालो, हो, ते मी चारदा पाहिलं.

"म्हंजे वापस येईन तो तिकून येईन," ती म्हणाली. तिनं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. हैदराबादहून येणाऱ्या गाड्या तिकडच्या बाजूला थांबत होत्या. "अन् मी एवढे महिने उलट्या बाजूले बसून राह्यली."

ती उठली, स्टोव्ह विझवला, कपबश्या बादलीत भरल्या.  मी बाकडं उचललं. ट्रक जाऊ दिले आणि आम्ही दोघं सामान घेऊन रस्ता ओलांडला.