बॉल सोडून पाहिलं तेव्हा

आमच्या डनबर्गमध्ये शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा संघ शुक्रवारची मॅच हरला की शनिवारी सकाळपासून गावात दोन पक्ष पडतात. यंदा आम्ही ओळीने हरत सुटलो आणि पक्ष कायमचेच झाले. एक पक्ष म्हणायचा, दोष क्वार्टरबॅकचा, म्हणजे मागून बॉल फेकणाऱ्याचा. ग्रँट डेलुका बॉल हातात धरून बसतो, वेळेवर फेकत नाही. दुसरा म्हणायचा, पोरगं फेकणार कसं, त्याच्यापुढची लाईनच भुसभुशीत आहे. लाईन म्हणजे ती पाच दांडगी पोरं, समोरच्यांना अंगाने अडवून धरणारी, म्हणजे मागे क्वार्टरबॅकला फेकायला सवड मिळते. त्या पाचांत सगळ्यात डावीकडे, ग्रँटची पाठ सांभाळायला, आमचा मुलगा वेस.

तेव्हा आमच्या घरात कुठला पक्ष होता ते वेगळं सांगायला नको. माझा नवरा गॅरी शाळेत असताना त्याच जागेवर खेळलेला. न्हाव्याकडे, चर्चबाहेर, पेट्रोल पंपावर, जिथे दोन माणसं उभी दिसतील तिथे हा जाऊन लाईनची वकिली करायचा. मी शाळेची बस चालवते, तर बसमध्येही तेच. तिसरीतली दोन पोरं या वादावरून एकमेकांचे केस ओढायला लागली तेव्हा मी बस कडेला घेतली आणि दोघांना माझ्या मागच्या सीटवर आणून बसवलं. माझं डोकं तसं लवकर तापतं, हे बसमधल्या पोरांना विचारा.

दुसऱ्या पक्षाचा म्होरक्या म्हणजे ग्रँटचा बाप रॉन, टायरच्या दुकानाचा मालक. रॉन, गॅरी आणि मी एकाच वर्गातले. तेव्हा रॉन क्वार्टरबॅक होता आणि गॅरी त्याच्या लाईनमध्ये. दोघांचं तेव्हाचं भांडण अजून मिटलेलं नाही, आता ते पोरांच्या नावाने चालतं. तरी गुरुवारची रीत कुणी मोडली नव्हती. मॅचच्या आदल्या संध्याकाळी क्वार्टरबॅकच्या घरच्यांनी लाईनच्या पाचही पोरांना जेवू घालायचं. रॉनची बायको टीना परातभर चीजची लसान्या भाजायची आणि वेस येताना आमच्यासाठीही डबा भरून आणायचा.

गेल्या शुक्रवारी काय झालं ते सगळ्या गावाने पाहिलं. ग्रँट बॉल घेऊन मागे सरकला, उजवीकडे बघत राहिला, आणि त्याच्या डाव्या अंगाने पलीकडच्या संघाचा एक राक्षस मोकळा धावत आला. ग्रँट उजव्या खांद्यावर आपटला. हासळीचं हाड मोडलं. अँब्युलन्स मैदानात आली, पोरं रीतीप्रमाणे गुडघ्यावर बसली, आणि आमचा वेस तेवढा हेल्मेटसकट उभाच होता.

शनिवारी दुकानातल्या मुलीने माझं सामान न बोलता पिशवीत भरलं. रविवारी सकाळी आमच्या पोर्चवर अंडी फोडलेली होती. रॉन म्हणत फिरत होता की वेसने बापाचा जुना राग काढला, मी पोलिसांत जाणार. कोचने वेसला सरावाला येऊ नको असा निरोप धाडला, आणि बुधवारी त्याला संघातून काढायचं की नाही ते ठरणार होतं. सतरा वर्षांचं पोर, आणि जन्मभर याच गावात त्याला ‘मित्राचं हाड मोडणारा’ म्हणून राहावं लागणार, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वेस मात्र खोलीतून जेवायला यायचा आणि परत जायचा. मला वाटलं, बिचारा चुकला, शरमेने बोलत नाहीये.

गॅरी म्हणाला, सोमवारी बघतोच एकेकाला.

सोमवारी संध्याकाळी स्लोवाक क्लबच्या तळघरात पालकांना मॅचची फिल्म दाखवायची, ही आमच्याकडची पद्धत. बीअर, कोबी घातलेल्या शेवया, आणि मग कोच बर्कहार्टला तासभर प्रश्न विचारून हैराण करायचं. फिल्म नेहमी बाजूने घेतलेली असते. तिच्यात बॉल दिसतो, आणि सगळे बॉलच बघतात. पण दुसरा एक कॅमेरा गोलपोस्टच्या मागे उंचावर असतो. त्यात बॉल नीट दिसत नाही, लाईनचे पाय दिसतात. ती फिल्म कोच स्वतःपुरती ठेवतो. गॅरीने उभं राहून तीच मागितली.

कोच म्हणाला, “गॅरी, आज नको.”

“का नको? लाईनला शिव्या द्यायच्या तर लाईन बघून द्या की.”

“मी तुला उद्या एकट्याला दाखवतो. ऐक माझं.”

तेव्हाच मला कळायला हवं होतं. कोच माझ्याकडे बघत नव्हता. पण तळघरातले सगळेच ओरडायला लागले, दाखवा दाखवा म्हणून, आणि रॉन भिंतीला टेकून म्हणाला, “दाखव ना. गॅरीलाही कळू दे.” कोचने फिल्म लावली.

इतकी वर्षं गॅरीच्या शेजारी बसून मी एवढं शिकले आहे की लाईनवाल्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं, पायांकडे बघायचं. बॉल हलला. बाकीच्या चौघांनी आपापला गडी अंगावर घेतला. वेसनेही घेतला, छान घेतला, दोन्ही हात त्याच्या छातीवर, पाय रोवलेले. तो गडी जागच्या जागी अडकला होता. मग वेसने मान वळवून मागे ग्रँटकडे पाहिलं, हात काढून घेतले आणि बाजूला सरकला. दाराआडून पाहुण्याला आत घ्यावं तसं त्याने त्या राक्षसाला आत घेतलं.

कोचने पुन्हा दाखवलं नाही. कुणी मागितलंही नाही. तो माझा मुलगा नाहीच, दुसरं कुणीतरी त्याचा नंबर घालून खेळलंय, असं काहीतरी वेड्यासारखं माझ्या मनात आलं. गॅरी उभाच होता. मग त्याने टोपी उचलली आणि जिना चढून निघून गेला. गाडीतही बसला नाही, पुलावरून चालत सुटला.

मी घरी पोचले तेव्हा वेस किचनमध्ये दूध-कॉर्नफ्लेक्स खात होता. मी म्हटलं, मी फिल्म पाहिली, मागच्या कॅमेऱ्याची. त्याने चमचा खाली ठेवला. मी किंचाळायचं ठरवून आले होते.

“का रे?” एवढंच विचारलं.

“मी वचन दिलंय, आई.”

“कुणाला?”

त्याने वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, “ग्रँटला. त्यानेच सांगितलं होतं मला सोड म्हणून.”

मी खुर्चीत बसले. म्हणजे बसले असावे, कारण नंतर मी खुर्चीत होते.

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. ग्रँटला खेळायचंच नव्हतं. दर शुक्रवारी दुपारी शाळेच्या संडासात तो उलट्या करायचा आणि वेस बाहेर दार धरून उभा राहायचा. मागच्या उन्हाळ्यात ग्रँटने बापाला सांगून पाहिलं, तर रॉन हसला, म्हणाला, मोठमोठ्या खेळाडूंना होतं असं, आणि त्याला मैदानावर घेऊन गेला. मग ग्रँट बॉल धरून ठेवायला लागला, मुद्दाम, कोच तरी बाहेर बसवेल म्हणून. कोचने बसवलं नाही. कोचही लाईनलाच ओरडला. मग तो वेसच्या मागे लागला.

“मी नाहीच म्हणत होतो,” वेस म्हणाला. “कितीदा तरी नाही म्हटलं. पण गुरुवारी जेवण झाल्यावर तो मला गॅरेजमध्ये घेऊन गेला. म्हणाला, तू करणार नसशील तर मी गाडीच्या दारात हात घालून स्वतःच दार आपटतो. त्याने हात घातला होता, आई. खरंच घातला होता. म्हणाला, तू केलंस तर निदान मला कळेल तरी कधी येतंय ते.”

टीनाची लसान्या खाऊन, तिच्याच गॅरेजमध्ये, दोन पोरांनी हे ठरवलं होतं. आम्ही मोठी माणसं तेव्हा गावभर कुणाचं चुकलं त्यावर भांडत होतो.

गॅरी आला तो घामाने निथळत. मी त्याला सगळं सांगितलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला, आणि मग त्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? “म्हणजे बॉल तोच धरून ठेवत होता. मी सांगतच होतो.” माझ्या हातात कढई होती. ती मी सिंकमध्ये अशी टाकली की वेस दचकून उभा राहिला. मग गॅरी रडायला लागला. त्याला रडताना मी त्याच्या आईच्या मयतीत पाहिलं होतं, त्यानंतर हे आत्ताच.

मंगळवारी दुपारची फेरी संपवून मी बस तशीच डेलुकांच्या दारात उभी केली. टीना कामावर होती. ग्रँटने दार उघडलं. हात गळ्यात बांधलेला, चेहरा पिवळा पडलेला, पण डोळे कसे शांत होते. इतका निवांत मी त्याला कधी पाहिला नव्हता. मला बघून तो समजला. “वेसने सांगितलं ना, मिसेस हुडाक? मीच सांगणार होतो. दर तासाला ठरवतोय आणि होत नाहीये,” असं म्हणून तो बाजूला झाला, आणि मागून रॉन आला.

रॉनने मला बघताच सुरुवात केली, की माफी मागायला आली असशील तर वकिलाशी बोल. मी ग्रँटकडे पाहिलं. बोलायचं त्यानेच होतं, मी नाही.

“बाबा,” ग्रँट म्हणाला, “वेसला मी सांगितलं होतं. मला लागावं म्हणून.”

रॉन हसला. मग हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले. तो सोफ्याच्या पाठीला धरून उभा राहिला. मला त्याची दया आली, खरंच आली. तीस वर्षं ओळखते मी त्याला. वाटलं, आता हा पोराला जवळ घेईल. मी निघायलासुद्धा वळले होते.

“हे अजून कुणाला माहितीये?” रॉनने मला विचारलं.

“आमच्या घरात तिघांना.”

“मग आपल्यातच राहू दे. मी पोलिसांत जात नाही, मिटलं. वेसचा पाय घसरला म्हणू आपण.”

“फिल्म सगळ्यांनी पाहिलीये, रॉन. पाय घसरलेला नाही.”

“मग भांडण झालं होतं म्हणू. व्हेरा, नीट विचार कर. हाड सहा आठवड्यांत जुळतं. डिसेंबरमध्ये हा परत उभा राहील, आणि कॉलेजवाले तेव्हाच येतात बघायला. हे बाहेर फुटलं तर कोण हात लावेल याला?” आणि मग अगदी समजुतीच्या, जवळच्या माणसाच्या आवाजात म्हणाला, “वेसचं काय एवढं. तो लाईनमधला. लाईनवाल्यांची नावं कुणाच्या लक्षात राहतात?”

मी ऐकतेय ते खरं की काय, हे मला कळेना. पोराने स्वतःचं हाड मोडून घेतलं, आणि बाप ते जुळायचे आठवडे मोजत होता. माझ्या मुलाचं नाव मातीत घालायला मला असा सांगत होता, जणू पार्किंगची जागा मागतोय.

ग्रँटने बापाकडे पाहिलं. त्याला धक्का बसलेला दिसला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. त्याने डाव्या हाताने खिशातून फोन काढला. अंगठा चुकत होता, पुन्हा पुन्हा चुकत होता.

“कुणाला लावतोयस?” रॉनने विचारलं.

“कोचना.”

“ठेव तो. ग्रँट, ठेव म्हणतोय ना.” आणि तो फोन घ्यायला पुढे आला.

मी काही ठरवलं नव्हतं. माझं वय, माझे गुडघे, सगळं माहीत असताना मी त्या दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. रॉन डावीकडून जायला लागला तर डावीकडे झाले. त्याने माझा खांदा धरला, ढकललं. टायर उचलून उचलून कमावलेले हात आहेत त्याचे. मी पाय फाकवून रोवले, दोन्ही तळवे त्याच्या छातीवर टेकवले आणि मान खाली घातली.

“हो बाजूला, व्हेरा.”

मी झाले नाही. माझ्या पाठीमागे फोनची रिंग वाजत होती, आणि मग ग्रँटचा आवाज आला, बारीक पण सरळ, “कोच, मी ग्रँट बोलतोय.”