सोळा किल्ल्या

"मॅडम, चोरांचं सगळ्यात लाडकं नाणं कोणतं?"

प्रश्न माझा नव्हता. शाळेत पाहुण्या आलेल्या संगणकतज्ज्ञ बाईंना हे विचारायची माझ्यात धमक नाही, अशी मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी पैज लावली होती. मी उठून उभी राहिले, आणि आवाज कसा खणखणीत निघाला!

वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र शांतपणे फळ्याकडे वळल्या आणि दोन नावं लिहिली : मोनेरो, झीकॅश.

"ही संगणकावरची नाणी. बिटकॉइनची हिशेबाची वही साऱ्या जगाला उघडी असते. ही दोन्ही मात्र कोणी दिलं, कोणाला दिलं, किती दिलं, हे लपवू शकतात. जास्त चांगलं कोण लपवतं ते तूच शोध. पुढच्या शुक्रवारी मी आहेच. चोरांचं तेव्हा बोलू."

"ही शोधणार?" मागून आवाज आला. "मॅडम, ही पस्तीस आहे, पस्तीस!"

हे माझं टोपणनाव. गेल्या वर्षी गणितात पस्तीस मिळाले, तेही ग्रेस धरून. तेव्हा मी इतकी रडले, की यंदा पुढच्या वर्षाच्या विषयांच्या फॉर्मवर आईनं गणितापुढे पेन्सिलनं फुली मारून टाकली : गणित नको. फॉर्म पुढच्या आठवड्यात शनिवारी द्यायचा होता. बाबांची सही तेवढी बाकी.

आठवडाभर मी वाचत सुटले. मोनेरो पैसे देताना सही करणाऱ्याभोवती आणखी पंधरा जणांचा घोळका उभा करतं. सोळातल्या कोणीतरी सही केली एवढंच कळतं. कोणी, ते नाही. घेणाऱ्याचा पत्ताही दर वेळी नवा कोरा. झीकॅशची युक्ती वाचून तर मी उडालेच. गुपित न सांगता, ते आपल्याला माहीत आहे एवढं सिद्ध करायचं! मी तक्ता आखला, बरोबरच्या खुणा केल्या. झीकॅश हसत हसत पहिलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर तक्ता नाचवत बाबांच्या दुकानात गेले. बाबा कुलूपवाले. एका किल्लीवर कानस चालवत त्यांनी तक्ता वाचला.

"हे 'हवं तर' काय लिहिलंयस?"

"झीकॅशमध्ये लपायचं की उघड राहायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मोनेरोत सगळ्यांना लपावंच लागतं."

"मग तुझा पहिला नंबर चुकला, पोरी."

"का म्हणून?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. आमच्या दुकानात दुरुस्तीच्या किल्लीला गिऱ्हाइकाचं नाव कधीच नसतं. पत्र्याची चकती, तिच्यावर पान, मासा, चांदणी असली खूण. कुठली कोणाची, ते फक्त बाबांच्या डोक्यात.

"आधी मीही 'हवं तर'च करायचो. बाकी किल्ल्यांवर नावं, मागेल त्यालाच खूण. झालं काय, येणारा-जाणारा नेमकी तीच किल्ली उचलून विचारायचा, ही कोणाची हो? एवढं काय लपवतोय? तेव्हापासून सगळ्यांना खुणा. आता कोणी ढुंकून बघत नाही."

मी तिथेच स्टुलावर बसले आणि तक्त्यात नवा रकाना आखला : लपणारे किती?

शुक्रवारी बाईंच्या टेबलावर भंगारातल्या सोळा किल्ल्या खळकन ओतल्या.

"कुलूप झीकॅशचं भारी," मी म्हणाले. "तिथे लपायला आत गेलेले सगळे एकमेकांआड लपतात. पण आत जातात ते मोजकेच. मोनेरोचा घोळका या किल्ल्यांसारखा सोळांचाच, पण त्यात उभं राहणं सगळ्यांना सक्तीचं. म्हणून लपलेला उठून दिसत नाही. कुलूप एकाचं चांगलं, रीत दुसऱ्याची."

"आणि चोर?"

"चोरांना काय आवडतं ते चोर जाणोत. पण दार लावून घेणारा प्रत्येक जण चोर असता, तर माझे बाबा चोरांचे सरदार झाले असते!"

अख्खा वर्ग हसला, आणि या वेळी माझ्या बाजूनं. "पस्तीस, जिंकलीस गं!" मैत्रिणी ओरडल्या. मी मात्र बाईंना सोडलं नाही. गुपित न सांगता सिद्ध करतात, ते नेमकं कसं? त्यांनी फळ्यावर चार ओळींचं गणित मांडलं. दोन कळल्या. उरलेल्या दोन घरी येईपर्यंत डोक्यात टोचत राहिल्या.

घरी टेबलावर फॉर्म होता आणि बाबांच्या हातात पेन.

"बाबा, थांबा. सही नका करू."

"आता काय काढलंस?" आई म्हणाली.

मी खोडरबर घेतला आणि फुली खोडली.

"अगं कार्टे! पुन्हा रडत बसलीस म्हणजे?"

"रडेन की. रडत रडत सोडवेन. पण आई, बाबा, नीट ऐका : मी गणित घेणार."