आईच्या सोळा भूमिका

आमच्या संस्थेत नव्या कार्यकर्त्यांचा पहिला सराव आईवर होई. शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे माणूस बोलू शकतो तोवरच विचारून लिहून ठेवायचे, हे आमचे काम. संस्था काढली तेव्हा सरावाला कुणी मिळेना, म्हणून आईच खुर्चीत बसली. कधी बहिरा शिंपी, कधी सुनांवर रुसलेली सासू, कधी हट्टी, अविवाहित मास्तर. नऊ वर्षांत सोळा भूमिका. नवख्यांना ती पार रडकुंडीला आणी.

आता सोमवारी तिच्याच हृदयाची झडप बदलायची होती आणि तिचा स्वतःचा अर्ज कोरा होता. दिव्याखाली अंधार.

"आई, शुद्ध आली नाही आणि डॉक्टरांनी आशा सोडली, तर व्हेंटिलेटर किती दिवस ठेवायचा?"

"बाई, जरा मोठ्यानं बोला," ती कानाला हात लावून म्हणाली. "शिंप्याला ऐकू येत नाही."

"थट्टा पुरे गं."

"मग सासूला विचार. तिला सगळ्यातलं कळतं."

दोन दिवस हेच. वेळ आलीच तर निर्णय मलाच घ्यावा लागणार होता, आणि तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नव्हते.

शनिवारी दुपारी मी ऑफिसात सरावाचे जुने कागद काढून फरशीवर मांडले. उत्तरांचा एकमेकांशी मेळ नव्हता. शिंप्याला सगळे उपचार हवे होते, मास्तरांना साधी सुईसुद्धा नको होती. पण व्हेंटिलेटरच्या रकान्यात सोळाही कागदांवर, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, एकच उत्तर होते : तीन दिवस. मास्तरांच्या कागदावर कारणही होते. 'मुलीला पोचायला तेवढे लागतात.' त्याखाली लाल शाईत माझाच शेरा : 'मास्तर अविवाहित आहेत. पुन्हा विचारा.'

संस्था काढण्याआधी बाबा गेले, तेव्हा मी दूरच्या एका परिषदेत भाषण करत होते. घरी पोचले तिसऱ्या दिवशी.

मी परतले तेव्हा आई मटार सोलत बसली होती.

"मास्तरांना मुलगी कुठून आली?" मी विचारले.

तिचे हात थांबले. "सापडलं होय? नऊ वर्षं लागली. आणि म्हणे हुशार."

मी तिच्याजवळ बसले.

"तुझे बाबा शेवटपर्यंत दाराकडे बघत होते," ती म्हणाली. "आणि तू आलीस ती रिकाम्या खाटेपाशी. तसं पुन्हा नको. तू येईपर्यंत ठेवा म्हणावं, मग काढा ती नळी."

"पण आता मी इथेच आहे. सोमवारी बाहेर बाकावरच बसणार."

"मग तीन कशाला? शून्य लिही."

मी पेन उघडले. शून्य काढायला असा कितीसा वेळ लागतो? मी पेन रकान्यावर टेकवले आणि पुन्हा उचलले.

"आई, एक दिवस ठेव ना. माझ्यासाठी."

समोरच्याच्या उत्तरात आपले मन मिसळायचे नाही, हा आमचा पहिला नियम. आईने तो प्रत्येक तुकडीला शिकवला होता. नवख्यांकडे बघावे तशी ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली.

"नापास," ती म्हणाली.

मग तिने पदराला हात पुसले, माझ्या हातातले पेन घेतले आणि रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिले : एक.

"पण एकच हं," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.