हललो तो मी

मित्रांनो, मी एक जुना रबरी पट्टा आहे. बेसबॉलच्या मैदानात पिचर जिथे उभा राहून चेंडू टाकतो, तिथे चार मेखा ठोकून मला बसवलं आहे. बसवलं म्हणतात खरं, पण स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही.

मी जन्मलो तो धावण्यासाठी. दीपनगरच्या वीजकेंद्रात पाठीवर कोळसा घेऊन मी दिवसरात्र फिरायचो. झिजलो, तसा मोडीत निघालो. तिथले फिटर गुलाबभाऊ मूळचे एरंडोलकडचे. संध्याकाळी ते शाळेच्या मुलींना बेसबॉल शिकवायचे. १९८६ साली त्यांनी माझा दीड हात लांबीचा तुकडा कापला, पांढरा रंग दिला आणि शाळेच्या मैदानात ठोकला. तेव्हापासून मी एका जागी आहे, आणि अंग नुसतं शिवशिवतं.

माझं काम साधं, नियम मात्र कडक. चेंडू हातातून निघेपर्यंत पिचरचा मागचा पाय मला टेकलेला हवा. आधीच सुटला तर चेंडू बेकायदा, आणि समोरच्या संघाची धावपटू आयती एक बेस, म्हणजे एक टप्पा, पुढे जाते. पाय टेकला की नाही ते मला अंगाला कळतं. अंपायरला बिचाऱ्याला डोळ्यांवर विसंबावं लागतं.

माझ्यावर पुष्कळ पाय पडले, पण गेंदाचा पाय मला सगळ्यांत आवडायचा. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून वसतिगृहात आलेली. तिच्या पायात लबाडी नव्हती. १९९३च्या जानेवारीत आमच्याच मैदानात धुळ्याच्या संघाशी सामना ठरला. जिंकेल तो संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. गेंदा दहावीत होती, म्हणजे तिची ही शेवटचीच संधी. तिची आई दिवालीबाई तीन एसट्या बदलून सामना बघायला आली होती.

आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी एक मेख सैल झाली. मुलींनी सांगितलं, तेव्हा गुलाबभाऊ म्हणाले, "उद्या ठोकसू." दुसऱ्या दिवशीही ते तेच म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. सात वर्षांनी अंग थोडं हलवता येत होतं.

सामना सुरू झाला. अंपायर होते रतिलाल नाना, जळगावचे, फार काटेकोर. तिसऱ्या डावात त्यांनी हात वर केला. "पाय सुटला. चेंडू बेकायदा."

गेंदा म्हणाली, "नाना, मना पाय लागेल शे."

माझ्या पुढच्या बाजूला पावलांनी खड्डा पडला होता. पाय त्या खड्ड्यात माझ्या कडेला चिकटून असायचा, पण लांबून तो सुटलेलाच दिसायचा. मी आतल्या आत तडफडत होतो, पण रबराला तोंड कुठलं? गेंदाने नानांना विचारून मैदान आखायची चिमूटभर फक्की घेतली आणि माझ्या कडेला चोळली. मग तिने तसाच पाय टेकून एक चेंडू टाकला आणि बूट वर करून दाखवला. बुटाच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती.

नानांनी रेघेवरून बोट फिरवलं. "चूक माझी झाली, पोरी," ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि निकाल फिरवला. त्यानंतर ते प्रत्येक चेंडूला गुडघ्यांवर हात टेकून माझ्याकडे वाकून बघू लागले.

शेवटचा डाव आला. आमची फलंदाजी संपली होती, गुण बरोबरीत होते आणि धुळ्याची धावपटू तिसऱ्या बेसवर उभी होती. गेंदाने पाय टेकला, सगळा जोर माझ्यावर दिला, आणि मेख उपसली. मी मागे सरकलो. तिचा पाय सुटला, ती पुढे कोलमडली, चेंडू भलतीकडे गेला.

नानांनी हात वर केला. धावपटू चालत शेवटच्या बेसवर, म्हणजे 'घरी' आली, धुळ्याला जिंकणारा गुण मिळाला आणि सामना संपला.

सगळे गेंदाकडे बघत होते. भांडली असती तर कोणी नावं ठेवली नसती. पण ती उठली, गुडघ्याची माती झटकली आणि म्हणाली, "तुम्हनं बरोबर शे, नाना. मना पाय सुटना."

मित्रांनो, पाय तिने सोडला नव्हता हो. हललो तो मी. सात वर्षं जे मागत होतो ते मला मिळालं, आणि त्याची किंमत त्या पोरीने मोजली.

मैदान रिकामं झाल्यावर ती आईला घेऊन परत आली. तिने अंगठ्याने मला दाबलं. मी डुगडुगलो. मागून गुलाबभाऊ आले, त्यांनीही पाहिलं, आणि त्यांची मान खाली गेली.

"बेटा, चूक मनी शे."

"राहू द्या, भाऊ," गेंदा म्हणाली. "आते तो धोंडा द्या."

तिने धोंड्याने मेख ठोकली, अगदी डोकं जमिनीत जाईपर्यंत. मग उरलेल्या तीनही ठोकल्या. उद्यापासून माझ्यावर दुसरीच कुणी उभी राहणार होती, हे तिला माहीत होतं.

तेव्हापासून मी हललेलो नाही. अंग अजून शिवशिवतं, पण मेखा घट्ट धरून बसून राहतो. तुम्हाला एवढंच सांगतो, कुणाचा पाय घसरला तर त्याला बोल लावण्याआधी जरा खाली वाका आणि मेख हलवून बघा. सैल लागली तर उद्यावर टाकू नका.