न दुखणाऱ्या दुखण्याची गोळी

रुक्माबाईचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. धाकटा भाऊ नरसिंग गोरेगावच्या दवाखान्यात खाटेवर पडलेला आणि ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती. कुणी बस म्हटलं की टेकायची, लगेच उठायची.

दिवाळीआधी डोकं दुखतं म्हणून आली तेव्हा इथल्याच डॉक्टरांनी तिला रक्तदाब वाढल्याचं सांगून गोळ्या दिल्या होत्या. रोज घ्या, मीठ कमी करा, म्हणाले होते. पण डोकेदुखी थांबल्यावर तिनं गोळ्या बंद केल्या. उरलेल्या गोळ्या फडक्यात बांधून ठेवल्या. काल तूर कापताना नरसिंगचं डोकं ठणकायला लागलं, तेव्हा तिनंच मायेनं त्या काढून दिल्या. धिप्पाड गड्याला एकीनं काय होणार, म्हणून रात्री दोन-तीन आणि पहाटे पुन्हा तेवढ्याच. सकाळी बैल सोडायला उठला आणि गोठ्यातच कोसळला. कपाळ फुटलं.

डॉक्टर बाहेर आले. त्याचा दाब फार उतरला होता, आता सावरतोय, म्हणाले. गोळ्या कुणी दिल्या, असं विचारल्यावर रुक्माबाईनं लपवलं नाही. मग मनात अडकलेलंही विचारून टाकलं.

"सायेब, डोकं दुखत न्हाई, तर गोळी काहून खायची?"

"हा दाब बहुतेकांना दुखतच नाही, बाई. आतल्या आत वाढतो आणि एक दिवस लकवा मारतो. गोळी त्याला धरून ठेवते. सोडली की तो परत चढतो. आणि तुमची गोळी तुमच्यापुरतीच."

रुक्माबाईला तिची थोरली जाऊ जनकाबाई आठवली. कधी कुरकुर नाही, आणि भाकरी थापता थापता तिचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. लोक बाहेरची बाधा म्हणाले होते.

डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. दाब मागच्यापेक्षा जास्त निघाला. तिला तर काहीच जाणवत नव्हतं, आणि त्याचीच आता भीती वाटत होती.

नरसिंग संध्याकाळी जीपनं घरी आला. रुक्माबाई दुसऱ्या दिवसापासून न चुकता गोळी घेऊ लागली. ताटातली खारातली मिरची गेली. तरी चुलीपुढं बसली की ती मधूनच बोटं हलवून बघायची.

पुढं शेजारची शालूबाई डोकं धरून गोळी मागायला आली. रुक्माबाईनं गोळी दिली नाही. बाजाराच्या दिवशी तिला सोबत घेऊन आधी दवाखान्यात गेली.