ठासलेली बंदूक

चावी पुन्हा सटकली.

बबनरावांनी आधी दाराकडे पाहिलं आणि मग बंदुकीच्या निपलकडे. दारात कोणी नव्हतं. निपलच्या चौकोनी खांद्याचा एक कोपरा मात्र झिजून गोल झाला होता. चारांपैकी हा दुसरा. आणखी एक गेला की चावीला धरायला काही उरणार नव्हतं.

"च्यायला," ते म्हणाले आणि त्यांनी उजवा हात पँटच्या खिशात कोंबला. हात खिशातही थरथरतच होता.

गेल्या दिवाळीपासून हा हात त्यांचं ऐकेनासा झाला होता. बाकी सगळं ठणठणीत. सहासष्टाव्या वर्षी रोज सकाळी काळेवाडीहून भोसरीला येऊन शेडचं शटर स्वतः उचलायचे. पण हात मात्र लहरी झाला होता. मग माणूस काय करतो? लपवतो. कपात चहा अर्धाच घ्यायचा, पेपर टेबलावर पसरून वाचायचा, कुणी समोर आलं की हात पाठीमागे बांधून मोठ्या रुबाबात उभं राहायचं. मुलगी दीपमाला चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. केसाएवढा फरक पकडायचा तिचा धंदाच, म्हणून तिच्यासमोर तर ते जेवायलाही बसत नसत. ती जेवून उठली की यांना भूक लागायची.

त्यांची स्वतःची छत्तीस वर्षं एका कंपनीच्या टूलरूममध्ये गेली होती. संध्याकाळी वडिलांच्या वेळचं हे बंदूक दुरुस्तीचं दुकान. वडिलांमागे परवाना त्यांच्या नावावर झाला, तो भिंतीवर फ्रेममध्ये होता. शेताच्या राखणीच्या ठासणीच्या बंदुका एकेकाळी आठवड्याला दोन-चार यायच्या. आता शेतंच राहिली नाहीत, तर बंदुका कुठून येणार? तरी कुणी काही अडलेलं, गंजलेलं आणलं की एक गोष्ट ठरलेली असायची. बबनराव खरमाळ्यांच्या हातून स्क्रूचा आटा कधी तुटला नाही, हे भोसरीत सगळे म्हणायचे. ते स्वतः जरा जास्तच म्हणायचे.

व्हाइसच्या जबड्यात लाकडाच्या दोन तुकड्यांत धरलेली ही बंदूक गुरुवारी आली होती. नळीचं तोंड त्यांनी वाळू भरलेल्या पिंपाकडे करून ठेवलं होतं. आल्याबरोबर त्यांनी नळीत गज सोडून पाहिला. बाहेरून धरला तर बुडापर्यंत पोचणारा गज आत चार बोटं आधीच अडला. म्हणजे बंदूक ठासलेली, आतली दारू तशीच. त्यांनी नळीत पाणी ओतलं, पण आतला बोळा गंजाने इतका धरला होता की पाणी पलीकडे गेलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. बोळा पुढून ओढून निघेना. मागून ढकलायचा तर बुडाशी असलेलं निपल काढायचं, त्या भोकात ग्रीस गन, म्हणजे ग्रीसचा हातपंप, लावायची आणि हळूहळू दाबायचं. निपल म्हणजे करंगळीच्या पेराएवढी वस्तू. त्यावर दारूची टोपी बसवतात, घोडा टोपीवर पडला की जाळ निपलमधून आत जातो. एवढीशी ती वस्तू, पण दोन दिवस रॉकेल आणि तेल पिऊनही हलायला तयार नव्हती.

"झालं का हो दादा?"

ही बंदूक आणणाऱ्या सरूबाई दारात उभ्या होत्या. दुपारी दोनला यायचं ठरलं असताना बारालाच हजर. चाकणच्या पलीकडच्या वाडीवरून एक बस आणि दोन शेअर रिक्षा बदलून आल्या होत्या.

"होतंय. बसा." बबनरावांनी हात मागे बांधले. "लोखंडाला घाई चालत नाही."

हे बोलून ते स्वतःच शेडमध्ये तीन फेऱ्या मारून आले.

सरूबाई पालथ्या क्रेटवर टेकल्या. "पाच वाजता पोलीस ठाण्यात जमा करायचीय. सायेब म्हनलं, भरलेली बंदूक आमी ठिवून घ्येणार न्हाई. शनवारपत्तोर रिकामी करून आना, न्हाईतर मोडीत काढायला धाडू."

"माहितीय. ठाण्याचं पत्र वाचलंय मी."

"मोडीत गेली तर मंग माज्या नावावर काय करनार?"

हे सगळं बबनरावांना गुरुवारीच ऐकवून झालं होतं. परवाना नवऱ्याच्या, खंडूच्या नावावर होता. खंडू दोन महिन्यांपूर्वी गेला आणि परवाना बाईंच्या नावावर होईपर्यंत बंदूक ठाण्यात ठेवायची होती. दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये दीड एकर भुईमूग उरला होता आणि त्यात रानडुकरं घुसत होती. मुलगा सुजित रावेतला सातव्या मजल्यावर राहायचा. आई, बंदूक कायमची जमा कर आणि इकडे ये, असं त्याचं म्हणणं होतं.

"थितं काय करू मी?" सरूबाईंनी आताही तेच काढलं. "दिसभर लिफ्ट वर-खाली व्हती ती बगत बसू? बंदूक नावावर झाली तर पोराला सांगता येतं, माजी मी हाय समर्थ. न्हाई झाली तर त्यो न्हेतोच मला. त्याचंबी चुकत न्हाई. पन मला न्हाई जायाचं."

बबनरावांनी चावी उचलली. बाई समोर असताना नुसतं उभं राहणं बरं दिसेना. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, श्वास रोखला आणि चावी निपलवर टेकवली. चावी लोखंडावर कडकड वाजायला लागली. आवाज बारीकच होता, पण शेडमध्ये तेवढाच होता. त्यांनी चावी खाली ठेवली.

"थंडी वाजती का काय?" सरूबाईंनी विचारलं. एप्रिल महिना होता.

"सकाळपासून चहा नाही."

बिचाऱ्या उठल्या आणि कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा घेऊन आल्या. ग्लास काठोकाठ भरलेला. बबनरावांनी तो घेतला आणि निम्मा चहा त्यांच्या शर्टावर, पायांवर आणि थोडा परवान्याखालच्या भिंतीवर गेला. सरूबाईंनी फडकं शोधलं आणि फरशी पुसली.

मग फडकं पिळता पिळता त्या सहज म्हणाल्या, "माजा हात चालंल का दादा? तुमी सांगा, मी फिरिवते."

बबनराव असे उसळले की शेजारच्या शेडमधला वेल्डर मान वळवून पाहायला लागला. "अहो बाई, बंदूक आहे ही! म्हैस नव्हे! चाळीस वर्षांत या बाकावर दुसऱ्याचा हात लागला नाही. परवाना माझ्या नावाचा आहे, कळलं?"

"ऱ्हायलं. तुमी करा." सरूबाई क्रेटवर जाऊन बसल्या आणि भिंतीकडे पाहू लागल्या.

एक वाजला, दीड वाजला. बबनराव कधी चावी बदलत, कधी निपलवर तेलाचा थेंब सोडत, कधी उगाच ड्रॉवर उघडून बंद करत. बसवेना आणि करवेना. पाचला ठाण्यात पोचायचं तर बाईंना साडेतीनला तरी निघायला हवं होतं. शेजारी वेल्डरचा गॅस फुरफुरत होता. नुसता दोन मिनिटं जाळ दाखवला असता तर निपल लोण्यासारखं सुटलं असतं. कंपनीत त्यांनी हजारो बोल्ट असेच सोडवले होते. हाताला ती सवयच होती आणि सवयीने ते चार पावलं त्या बाजूला गेलेही. मग थांबले. आत दारू ओली आहे की कोरडी, हे देवालाच ठाऊक. ठासलेल्या बंदुकीला आग दाखवायची नाही, एवढी अक्कल अजून शाबूत होती. पण आपण चार पावलं गेलो होतो. हात गेला तर गेला, आता डोकंही चाललं का?

दोन वाजून वीस मिनिटांनी ते परत आले.

"या इकडं," ते सरूबाईंकडे न बघता म्हणाले. "हात पुसा."

सरूबाईंनी मान ताठ ठेवली. "आमी म्हशीवाली मानसं."

"आता या ना बाई. हात जोडतो." त्यांनी खरंच हात जोडले. जोडलेले हात जास्तच थरथरले आणि ते सरूबाईंनी नीट पाहिलं. त्या मुकाट्याने उठल्या.

बबनरावांनी त्यांना नळीच्या बाजूला, तोंडापासून दूर उभं केलं. निपलवर चावी बसवली, सरूबाईंची बोटं तिच्यावर ठेवली आणि स्वतः वाकून लाकडाला कान लावला. हाताने जे कळायचं ते आता कानानेच ऐकायला लागणार होतं.

"आवळा."

"सोडवायचं हाय नव्हं?"

"आधी आवळायचं. इवलंसं. गंजाला वाटलं पाहिजे की आपण त्याच्याच बाजूचे. मग सोडायचं, मग पुन्हा आवळायचं. जोर नको. जोर केला की तुटलं."

सरूबाईंनी दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. बोटं दगडासारखी स्थिर. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "म्हंजी पैलारू म्हशीची धार काडल्यागत. तिला कळू द्यायचं न्हाई आपून कवा जोर लावला."

"तसंच," बबनराव कान न काढता म्हणाले. "बोलू नका. थांबा. तेल सोडतो." तेल निम्मं बाहेर सांडलं. "हं. आवळा."

पाऊण तास हेच चाललं. सरूबाईंच्या कपाळावरून घाम उतरत होता. बबनरावांची मान अवघडली. मध्येच त्यांना वाटायचं, चावी हिसकावून घ्यावी. इतकं वाटायचं की त्यांनी दोन्ही हात बाकाखाली गच्च धरून ठेवले. आणि मग लाकडातून टक् असा आवाज त्यांच्या कानात आला.

"तुटलं का काय?" सरूबाई घाबरल्या.

"नाही." बबनरावांनी मान वर केली. "सुटलं. आता सोडा, सोडत जा. सावकाश!"

निपल एकेक आटा वर येत गेलं आणि अखेर सरूबाईंच्या तळहातावर पडलं. सगळे आटे शाबूत. बबनरावांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं. एरवी अशा वेळी ते शेजारच्या वेल्डरला हाक मारून दाखवायचे. आज त्यांनी निपल नुसतं बाकावर ठेवलं.

पुढचं काम सोपं होतं. भोकातून पाणी सोडून दारू भिजवली, ग्रीस गनची नळी तिथे आवळली आणि सरूबाईंनी दांडा दाबायला घेतला. बबनरावांनी नळीच्या तोंडाखाली पत्रा ठेवला आणि बाजूला झाले. बऱ्याच वेळाने काथ्याचा एक बोळा बाहेर आला. त्याच्या मागून छर्रे यायला हवे होते. आला तो काथ्याचा दुसरा बोळा, मग दारूचा काळा लगदा, मग नुसतं पिवळं ग्रीस.

सरूबाईंनी पत्र्यावरचा लगदा बोटाने चिवडला. "छर्रं कुठंयत?"

"नाहीत."

"असं कसं? ऱ्हायलं असतील आत."

बबनरावांनी गज सोडून दाखवला. तो बुडाला टेकला. "छर्रे घातलेच नव्हते. नुसती दारू आणि काथ्या. बार वाजतो, पण लागत काही नाही."

सरूबाईंनी बोटं फडक्याला पुसली. मग म्हणाल्या, "ईस वर्सं. ईस वर्सं शेतात बार काडायचा आन घरी येऊन सांगायचं, थोडक्यात हुकलं. मी चारचौघींत म्हनायची, आमच्या मालकाला हत्तीबी दिसत न्हाई. सगळी वाडी हसायची. ह्येबी हसायचे." त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते आधी कळेना; मग दोन्ही दिसायला लागलं. "जीव घ्येववत नव्हता तर सांगायचं मला. सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का?"

बबनरावांनी त्यांच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.

साडेतीन व्हायला आले होते. निपल साफ करून परत बसवलं, तेही सरूबाईंनीच. मग दाखला लिहायचा होता. बंदूक रिकामी केली, काम करण्याजोगी आहे, खाली सही. पेन कागदावर वेडंवाकडं धावलं. 'खरमाळे' हे चार अक्षरांचं नाव तीन ओळींत पसरलं. सरूबाई तेवढा वेळ पाठ करून घोंगडीत बंदूक गुंडाळत होत्या. एवढीशी घोंगडी गुंडाळायला त्यांना जितका वेळ लागला तितका कुणालाच लागला नसता.

"येते दादा," त्या म्हणाल्या. "नावावर झाली की शेंगा घिऊन येते."

"छर्रे घालणार का?"

"बगू. आवाजानं पळत्यात तर कशाला?" आणि खांद्यावर घोंगडी टाकून त्या बस स्टॉपकडे चालू लागल्या.

दीपमाला सहाला स्कूटर घेऊन आली. जनरल शिफ्ट करून घरी जाताना शनिवारी ती वडिलांना घ्यायला यायची. हेल्मेट काढत ती म्हणाली, "काय पप्पा, त्या आज्जींचं काम झालं का?"

"झालं."

"भारी! मी म्हटलंच होतं, तुम्हीच करणार. आमच्या कंपनीत सगळ्यांना सांगते मी, माझ्या पप्पांच्या हातून—"

"मी नाही केलं," बबनराव म्हणाले. "त्यांनी केलं. मी नुसता ऐकत होतो."

दीपमाला हसायला गेली, पण हसली नाही. बबनरावांनी पाठीमागे बांधलेले हात सोडले आणि दोन्ही तळवे बाकावर, दिव्याखाली ठेवले. उजवा थरथरत होता आणि शेजारचा तेलाचा डबा त्याच्याबरोबर वाजत होता. हात खिशाकडे गेला नाही.

ती खाली वाकली आणि कंपनीत एखादा पार्ट बघावा तसं बारकाईने, एकेक बोट बघत राहिली.

"बघ," बबनराव म्हणाले. "नीट बघ."